काकूंचा अर्ज

काकूंनी पहिल्या दिवशी चहा दिला, चकल्या दिल्या आणि स्वच्छ नकारही दिला. "तुझ्या पीएच.डी.साठी काय विचारायचं ते विचार. पण ते सरकारी पैशाचं मला सांगू नकोस. आपल्यात कुणी मागायला गेलेलं नाही."

हे 'आपल्यात' बडोद्याच्या मराठी घरांतून मी लहानपणापासून ऐकते आहे. गायकवाडांच्या राज्यात ज्यांचे आजे-पणजे कचेऱ्यांतून कामाला होते, त्या घरांत ते अजून बोललं जातं. काकूंचे आजेसासरे खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याचा कारभार बघणाऱ्या खात्यात, कारकून होते. म्हणजे लोकांचे अर्ज घेणारे. अर्ज देण्याची पाळी त्या घरावर काका गेल्यावर पहिल्यांदा आली.

दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत काकू राहतात. माझ्या आईची आणि त्यांची हळदीकुंकवापासूनची ओळख. काका रावपुऱ्यातल्या एका दुकानात आयुष्यभर हिशेब लिहीत होते. खाजगी नोकरी, पेन्शनचा प्रश्नच नाही. ते गेले तेव्हा काकू ५६ वर्षांच्या होत्या. मुलगी लग्न होऊन सुरतेला. मुलगा भोसरीला एका कारखान्यात कंत्राटावर, बायकामुलांसह. तो पाठवतो, जमेल तेव्हा. बाकी सगळं काकूंच्या चकल्या, भाजणी आणि सणावारी येणाऱ्या पुरणपोळीच्या ऑर्डरींवर.

मी समाजशास्त्रात संशोधन करते. कायद्यानं किंवा योजनेनं देऊ केलेला आधार बाईपर्यंत पोचेतो वाटेत त्याचं काय होतं, आणि तिचं काय होतं, हा माझा विषय. गुजरातमध्ये विधवांना मिळणारी मासिक मदत हा त्यातला मुख्य धागा. लाभार्थींची संख्या सरकारी अहवालात सापडते. मला त्या संख्येच्या अलीकडचं बघायचं होतं: बाई घरातून निघते आणि तिच्या खात्यात पैसे पडतात, ह्या दोहोंच्या मधलं. त्यासाठी एका तरी अर्जाच्या मागोमाग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालायचं मी ठरवलं होतं.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९५१ साली बडोद्याला आले आणि १९५९ पर्यंत आमच्याच विद्यापीठात शिकवत होते. समाजाकडे ग्रंथांतून बघणं वेगळं आणि प्रत्यक्ष वस्तीत जाऊन बघणं वेगळं, हा त्यांचा आग्रह. ते जातीबद्दल बोलत होते. मला ते कायद्याबद्दल जास्तच खरं वाटतं. योजनेचं परिपत्रक अर्ध्या तासात वाचून होतं. परिपत्रकात लिहिलेलं एक वाक्य काकूंच्या आयुष्यात उतरायला पाच महिने लागले.

पहिल्या भेटीनंतर मी विषय सोडून दिला होता. पावसाळा संपता संपता त्यांचाच फोन आला. गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं, उभ्यानं चकल्या तळणं होत नव्हतं. "ते तुझं काय होतं गं कागदाचं?" एवढंच म्हणाल्या.

संशोधनात कुणालाही सामील करून घ्यायचं तर आधी संमतिपत्रावर सही घ्यावी लागते. मी ते मराठीत तयार केलं होतं. काकूंनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचलं. 'मी केव्हाही, कारण न देता, ह्यातून बाहेर पडू शकते' ह्या वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "हे खरं?" मी हो म्हटलं. "मग बरं आहे," म्हणाल्या आणि सही केली. नाव कुठे छापायचं नाही एवढी एकच अट घातली. म्हणून इथेही त्या फक्त काकू.

कचेरीच्या बाहेर झाडाखाली टेबलं मांडून फॉर्म भरून देणारे बसतात. त्यातल्या एकानं काकूंकडे नीट बघितलंही नाही. "दीकरो छे? एकवीसनो थयो?" काकू म्हणाल्या, सत्तावीसचा आहे. "तो ना मळे, बेन." मग मिळणार नाही. झालं. काकूंनी पिशवी उचलली आणि त्या वळल्या.

हा नियम पूर्वी होता हे खरं. विधवेचा मुलगा २१ वर्षांचा झाला की मदत बंद होत असे. कर्ता मुलगा असताना आईला सरकारनं कशाला द्यायचं, असा त्यामागचा हिशेब. २०१९ मध्ये ती अट काढून टाकली, रक्कम महिना १,००० वरून १,२५० केली आणि योजनेला 'गंगा स्वरूपा आर्थिक सहाय योजना' असं नवं नाव दिलं. म्हणजे झाडाखाली सांगितला गेला तो नियम मेलेला होता, पण त्याच्या धाकानं बायका अजून परत जात होत्या. नंतर मी ज्या ज्या बायकांशी बोलले त्यांत ही एकवीसची अट सांगणाऱ्या पुष्कळ भेटल्या. कुणाला शेजारणीनं सांगितलेलं, कुणाला भावानं. अट रद्द झाल्याचं मात्र कुणी त्यांच्या दारी येऊन सांगितलेलं नव्हतं.

माझ्या पिशवीत सरकारी ठरावाची प्रत होती. आणि इथेच माझी पंचाईत झाली. निरीक्षण करणाऱ्यानं मधे पडायचं नाही, जे घडतं ते घडू द्यायचं, हे मी शिकलेली. काकू फाटकापर्यंत पोचल्या होत्या. मी धावत गेले, त्यांना परत आणलं आणि तो कागद टेबलावर ठेवला. त्या माणसानं वाचला, मान हलवली आणि फॉर्म काढून दिला. त्याचा दोष मी मानत नाही. त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. रात्री माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तू मधे पडलीस हेही टिपून ठेव. तू तिला परत आणलं नसतंस तर काय झालं असतं, तेही लिही." ते मी लिहिलं आहे. काकू घरी गेल्या असत्या आणि परत आल्या नसत्या.

फॉर्मवर सगळ्यात वर योजनेचं नाव होतं. काकूंनी ते दोनदा वाचलं. "गंगा स्वरूपा. म्हणजे आपलं गं. भा."

गुजरातीत विधवेच्या नावाआधी गं. स्व. लिहितात, मराठीत गं. भा. काका गेल्यावर वर्षाच्या आत एका नातेवाइकाकडची लग्नपत्रिका आली होती. तिच्यावर काकूंच्या नावामागे ती दोन अक्षरं होती. चौतीस वर्षं जिथे 'सौ.' होतं तिथे. काकूंनी ती पत्रिका कपाटावर उभी न करता ड्रॉवरमध्ये ठेवली, हे त्यांनीच सांगितलं. सरकारला 'विधवा' हा शब्द कानाला कठोर वाटला असणार आणि मान म्हणून हे नाव दिलं असणार, ह्यात मला शंका नाही. पण मान द्यायचा तर बाईला तिच्या नावानं हाक मारता आली असती. मदत तिला हवी आहे ती घरात मिळवतं माणूस राहिलं नाही म्हणून. नावात मात्र पुन्हा तिचं नवऱ्याशी असलेलं, आता नसलेलं, नातंच आहे.

कागदांची जुळवाजुळव सुरू झाली. मरणाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, पेढीनामुं. शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,५०,००० च्या आत असावं लागतं, खेड्यात १,२०,००० च्या. मुलाचं नाव रेशनकार्डातून आधीच कमी झालेलं होतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला फारसा अडला नाही. अडलं ते नाव.

बडोद्यातल्या मराठी घरांना हे समजावून सांगायला नको. मरणाच्या दाखल्यावर काकांच्या नावापुढे 'राव' होतं. रेशनकार्डावर 'भाई'. गुजरातीत पुरुषाच्या नावाला भाई लावायची रीत, बाईच्या नावाला बेन. केव्हातरी कुणा लिहिणाऱ्यानं हाताच्या सवयीनं लावून टाकलं. आधारवर दोन्ही नाही, नुसतं नाव आणि आडनाव, आडनाव आधी. काकू स्वतः एका कागदावर 'बाई', दुसऱ्यावर 'बेन'. खिडकीतल्या माणसानं मरणाचा दाखला आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवलं, दोन्हींवर पेन टेकवलं. "आ बे जुदा माणस छे."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या कडेला उभी होते. त्यांचा हात खिडकीच्या लोखंडी कडेवर होता, आणि बोटं त्या कडेवरून पुढे-मागे फिरत होती, ओट्यावरचं पीठ गोळा करावं तशी. चौतीस वर्षं ज्यांच्याबरोबर संसार केला, ते दोघे वेगळे होते असं त्यांना कुणीतरी सांगत होतं, आणि त्या दोघांतला मेलेला कोणता हे त्यांनी शाबीत करायचं होतं. "भाई, एकच होते," एवढंच त्या म्हणाल्या, मराठीत. मग गुजरातीत म्हणाल्या.

त्यासाठी सोगंदनामुं लागलं. मराठीत प्रतिज्ञापत्र. 'राव' आणि 'भाई' ही एकाच व्यक्तीची नावं आहेत असं शपथेवर. बाहेर बसणाऱ्यानं त्याचे बरेच पैसे सांगितले. तेव्हा मी काकूंना जिल्ह्याच्या कायदेशीर सेवा कार्यालयात घेऊन गेले. १९८७ च्या कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. मजकूर त्यांनी लिहून दिला. ही वाट ठाऊक असलेली एकही बाई मला रांगेत भेटली नाही. हे वाचणाऱ्या कुणाच्या आई-मावशीचं काम असंच अडलं असेल तर आधी तिथे जा.

मग पेढीनामुं. आपल्याकडे वंशावळ म्हणतात तेच. मयत माणसाचे वारस कोण, हे पंचांच्या साक्षीनं तलाट्यासमोर लिहून द्यायचं. पंच म्हणून खालचा किराणावाला, समोरचे निवृत्त मास्तर आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले. तिघेही पुरुष, दोघांना ह्या वाड्यात येऊन दहा वर्षंही झालेली नव्हती. काकू मला म्हणाल्या, "मी ह्या घरात नवरी म्हणून आले तेव्हा ह्यांच्यातलं कुणी नव्हतं. आणि आता हे सांगणार मी कोण ते."

तलाटी तरुण होता, चांगला होता. काकांचं नाव वर लिहिलं, खाली रेघ मारून काकूंचं, मग मुलीचं. मुलीचं नाव सासरचं लिहायचं की माहेरचं ह्यावर पंचांत थोडी चर्चा झाली. मग मुलाचं. मग त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी कुणी? गेलेलं वगैरे?

काकू थांबल्या. "एक होता. सगळ्यात मोठा. सव्वा महिन्याचा होऊन गेला."

मास्तरांनी मान खाली घातली. मी काकूंच्या तीन लांबलचक मुलाखती घेतल्या होत्या. बालपण, लग्न, बाळंतपणं, काकांचं आजारपण, सगळं विचारलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारताना 'मुलं किती?' एवढंच विचारलं होतं. तलाट्यानं पेन बाजूला ठेवलं. "ए लखवानी जरूर नथी, बा," ते लिहायची गरज नाही, असं हळू म्हणाला, आणि थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग पंचांनी सह्या केल्या.

हे इथे लिहू का, असं मी काकूंना नंतर विचारलं. म्हणाल्या, "लिही. त्याची कुठेच नोंद नाही."

त्यापुढचं बरंचसं वाट बघणं होतं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब निवडणुकीच्या कामावर. बँकेत मात्र एक दिवस गेला. खातं दोघांच्या नावावर होतं, ते एकट्या काकूंच्या नावावर करून आधारशी जोडायचं होतं, आणि यंत्र त्यांचा अंगठा घेईना. वर्षानुवर्षं सोऱ्या दाबून आणि कढईपाशी उभं राहून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. "बा, जरा जोरथी दबावो." काकूंनी दाबलं. काच पुसली, पुन्हा दाबलं. रांगेत मागे उभी असलेली एक बाई पुढे आली आणि म्हणाली, अंगठा केसांवर घासा. काकूंनी भांगापासून मागे दोनदा बोट फिरवलं, केसांतल्या तेलाचा जरा ओशटपणा आला, आणि हिरवा दिवा लागला. ती युक्ती मी नंतर कितीतरी रांगांत बघितली. कुठल्याही परिपत्रकात ती नाही, पण कितीतरी जणींचे पैसे तिच्यामुळे सुरू झाले आहेत.

पाचव्या महिन्यात मंजुरीचा कागद हातात आला. मला आनंद झाला होता. काकू तो कागद घरी जाऊन, देवापुढे न ठेवता, आधी पूर्ण वाचून काढायला बसल्या. तो वाचताना त्यांना पुढची अट दिसली. दर वर्षी जुलै महिन्यात तलाट्याचा दाखला आणून द्यायचा: पुनर्लग्न केलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला दर तीन वर्षांनी, हा मात्र दरसाल.

"दर जुलैत?" त्यांनी विचारलं. मग थोड्या वेळानं, "म्हणजे दर वर्षी मी जाऊन सांगायचं, की मी अजून तशीच आहे."

मला उत्तर देता आलं नाही. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसले. ते आमच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहतांच्या नावाचं आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत होता तेव्हा त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या, आणि 'सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र' अशा अर्थाच्या शब्दांच्या जागी 'सर्व मानव' हे शब्द आले ते त्यांच्या आग्रहामुळे. १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झालेल्या त्या जाहीरनाम्याचं पंचविसावं कलम मी पूर्वी वाचलेलं होतं, पण त्या दिवशी नव्यानं वाचलं. बेकारी, आजारपण, अपंगत्व, म्हातारपण ह्यांच्या ओळीत वैधव्य हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे, आणि अशा वेळी आधार मिळणं हा माणसाचा हक्क म्हटला आहे. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमातही, स्वतःचा दोष नसताना आलेल्या ददातीत सरकारनं मदत करावी असं आहे. फक्त ते मार्गदर्शक तत्त्व. कोर्टात जाऊन मागता येत नाही. मागता येत नाही म्हणून मग ते योजना होऊन येतं. योजनेला अटी असतात. आणि अट पुरी करण्याचा भार सगळा बाईवर.

ह्याच शहरानं एके काळी उलटं करून दाखवलं आहे. सयाजीरावांच्या राज्यात विसाव्या शतकाच्या तोंडाशीच विधवाविवाहाला कायद्याचा आधार मिळाला, १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, आणि १९३१ मध्ये हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. साऱ्या देशासाठी तसा कायदा १९५५ मध्ये आला. आजही विधवेनं पुन्हा लग्न केलं तर ५०,००० रुपये देणारी योजना गुजरातमध्ये आहे, आणि ती चांगली आहे. त्याच सरकारच्या दुसऱ्या खिडकीत बाईला दर वर्षी, लग्न केलेलं नाही असं तलाट्यापुढे उभं राहून सांगावं लागतं. दोन्ही कागद मी एका टेबलावर ठेवून वाचले तेव्हा मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

माझं म्हणणं सरळ आहे. माणूस गेला की त्याची नोंद १९६९ च्या कायद्यानं सरकारच करतं. तो दाखला ज्या खिडकीतून बाईच्या हातात पडतो, त्याच खिडकीत तिला मदतीचा फॉर्म द्यावा आणि एकवीसची अट आता नाही हे तोंडानं सांगावं. गुजरातमध्ये २००६ च्या कायद्यानं लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. कुणी पुन्हा लग्न केलंच तर ते सरकारच्याच दप्तरात लिहिलं जाईल. जे सरकारला माहीत आहे ते बाईकडून दर जुलैत वदवून घेण्याची गरज नाही. 'राव' आणि 'भाई' चा घोळ लिहिणाऱ्यानं केला, निस्तरावा लिहिणाऱ्यानं. हे मी प्रबंधात लिहिलं आहे, आणि ज्या ज्या बैठकीत मला बोलू देतील तिथे बोलते आहे.

पहिले १,२५० जमा झाले त्या दिवशी काकूंनी मला फोन केला नाही, आईकडे भाजणीचा डबा पाठवला. आत चिठ्ठी होती: 'आले'. त्यातले पैसे त्या गुडघ्याच्या औषधाला वापरतात. वीजबिल अजून चकल्यांतूनच भरतात. ते बदलायचं नाही म्हणतात.

जुलैत मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाल्या. एकट्याच गेल्या आणि दाखला देऊन आल्या. काय झालं, काय विचारलं, ते मी विचारलं नाही. संमतिपत्रातल्या त्या वाक्याप्रमाणे तेवढ्यापुरत्या त्या बाहेर पडल्या आहेत असं मी धरलं.

प्रबंधाचं ते प्रकरण लिहून झाल्यावर मी त्याचा मराठी मसुदा काकूंना वाचायला नेऊन दिला. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी दाखवायचं, हा माझा नेम आहे. आठ दिवसांनी गेले तर त्यांनी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. दोन ठिकाणी शुद्धलेखन. एका ठिकाणी काकांचं वय मी एका वर्षानं चुकवलं होतं. आणि शेवटच्या तक्त्यात, जिथे मी 'मंजुरीपर्यंत कचेरीच्या एकूण फेऱ्या: ९' असं लिहिलं होतं, तिथे नऊवर काट मारलेली होती.

"अकरा," काकू म्हणाल्या.

मी वही काढली, तारखा वाचून दाखवल्या. प्रत्येक फेरीला मी बरोबर होते. नऊच होत्या.

"तुझ्या नऊ. त्याच्या आधी मी दोनदा जाऊन आले होते, तू पहिल्यांदा घरी आलीस त्याच्याही आधी. एकदा कचेरीला सुट्टी होती. आणि एकदा रांगेत ह्यांच्या दुकानातले जुने कुणीतरी उभे दिसले, म्हणून दारातूनच परत फिरले."

मी तक्त्यात अकरा केलं.